थंड पडलेली पेटी

लग्न होऊन गोंदियात आले त्या पहिल्या दिवसापासून मी घाबरलेली होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी तिखटमीठ लावून सांगते आहे.

आमची खोली भाताच्या गिरणीच्या मागच्या अंगाला होती. चूल भिंतीला लागून, आणि त्या भिंतीपलीकडे तारेच्या कुंपणात ती पेटी. पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. माझ्या डोक्याएवढी उंच, काळी, लोखंडी, आणि अंगाला सगळीकडून जाड नळ्या लावलेल्या. गावातल्या पॉवरहाऊसकडून वीज फार जोराची यायची, पेटी तिचा जोर कमी करून गिरणीच्या मोटारींना द्यायची. एवढं मला मिस्त्रींनी सांगितलं होतं. मिस्त्री म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि सारी गिरणी त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागले ते आजतागायत.

पेटी दिवसभर गुणगुणायची. त्या गुणगुणीने माझ्या फळीवरचा पेला हलकेच वाजत राहायचा. मी भाकर थापता थापता थांबायची आणि पेल्याकडे बघायची.

"काय आहे हो तिच्या पोटात?" मी एकदा विचारलं.

"तेल."

"तेल? आणि शेजारी माझी चूल?"

"अवं, विलायती तेल आहे ते. तांब्याच्या तारा गुंडाळून त्यात बुडवल्या आहेत. तेल विजेले इकडून तिकडे उडी मारू देत नाई. आन् तारा तापल्या का त्यायची गरमी घेऊन वरतं जाते, नळ्यायतून खाली येते, येता येता थंड होते. परत आत जाते. दिवसभर फिरूनच राहते."

"आणि थंड नाही झालं तर?"

"मंग मी कायले आहो?" असं म्हणून हसले. माणूस हसरा, हेच तर माझं दुखणं होतं.

पेटी किती तापली ते बघायची मिस्त्रींची रीत अशी होती की डावा तळहात पेटीच्या अंगावर ठेवायचा आणि दंडारीतल्या एका गाण्याची ओळ म्हणायची. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला गावचा खेळ, लहानपणी त्यांनी त्यात सोंगं घेतली होती. ओळ लांबलचक, शेवटी वर चढणारी. पूर्ण ओळ होईपर्यंत हात टिकला तर पेटी ठीक. ओळ अर्ध्यात तुटली तर पेटी जास्त तापली, मग गिरणीत जाऊन एखादी मोटार बंद करवायची. मला चुलीपाशी बसून ती ओळ ऐकू यायची. शेवटचा चढ येईपर्यंत माझी भाकर तव्यावर तशीच पडून असायची. तो आला की मी भाकर उलटायची. किती भाकरी करपवल्या असतील त्या पेटीपायी, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, बाई भारीच भित्री. असेन. पण मिस्त्रींना ज्यांनी हे काम शिकवलं ते उस्ताद कधीमधी आमच्याकडे यायचे. भर उन्हाळ्यात गळ्याभोवती उपरणं गुंडाळून बसायचे. एकदा पाणी पिताना उपरणं सरकलं आणि मी बघितलं. कानापासून खांद्यापर्यंत कातडी वितळून पुन्हा चिकटल्यासारखी होती. कुठल्याशा गावात पेटीचं झाकण उडालं होतं, तापलेलं तेल अंगावर आलं होतं. "माझं नशीब म्हणून डोळे वाचले, बेटी," ते म्हणाले आणि चहा मागितला. मी चहा टाकला, पण डोळे त्या मानेवरच, अर्धी साखर चुलीत गेली. त्या दिवसापासून मिस्त्री पेटीवर हात ठेवून उभे राहिले की मला त्यांच्या मानेवर उस्तादांची कातडी दिसायची.

मग लढाई आली. दूर विलायतेत चाललेली लढाई माझ्या चुलीमागच्या पेटीपर्यंत कशी पोचेल, असं मला वाटायचं. पोचली. पेटीच्या एका नळीला सांध्यात गळती लागली. थेंब थेंब तेल जमिनीत जिरत होतं, मिस्त्रींनी सांधा बुजवला तोवर आतलं तेल बरंच खाली गेलेलं. नवीन तेल कुठेच मिळेना. कलकत्त्याकडे तार केली, मुंबईकडे केली. जहाजं येत नाहीत, तेल नाही, असं उत्तर आलं.

गिरणीचे मॅनेजरबाबू आमच्या अंगणात आले. ते हिंदीच बोलायचे. "मिस्त्री, नया धान आने को है. मिल बंद नहीं होना चाहिए. तेल तो तेल है, यहाँ का कोई तेल डाल दो."

मला वाटलं मिस्त्री नाही म्हणतील. ते डोकं खाजवत म्हणाले, "करून पाहू."

करून पाहू! जशी काही नवी भाजी होती.

माझं माहेर सौंदडचं, घरी तेलाचा घाणा. मिस्त्रींनी बाबांना निरोप धाडला आणि बाबा रेल्वेने चार बाटल्या घेऊन आले. अंगणात खाट टाकली, बाटल्या ओळीने मांडल्या. जवसाचं तेल मिस्त्रींनी आधी बाजूला सारलं. "हे वारं लागलं का साय धरते, रंगवाले वापरतात. नळ्या बुजतीन." एरंडीचं तिरपं केलं तर बाटलीतून बाहेरच यायला तयार नाही. तिळाचं चांगलं, पण तेवढं आणायचं कुठून? उरलं टोरीचं. मोहाच्या फळातल्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. चिचगडच्या रानातून बाबांकडे ती पोत्यांनी यायची. गरिबाघरी फोडणी त्याच तेलाची, दिवाही त्याच तेलाचा.

"पन जवाईबापू," बाबा म्हणाले, "हे हिवाळ्यात थिजते हां. तुपावानी."

मिस्त्री हसले. "मामाजी, ते पेटी रातदिस चुलीवानी गरम असते. तिच्या पोटात कुठची थंडी?"

बाबांनाही पटलं. मॅनेजरबाबूंना पटलं. आणि मलाही पटलं. उलट मी म्हणाले, "थिजायचं सोडा, ते पेटेल की नाही ते बोला." झाडीपट्टीतल्या कुठल्याही घरी विचारा, थंडीत टोरीचं तेल थिजतं हे पोरासोरांना ठाऊक. आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही चौघांनी मिळून ते पेटीत घातलं.

घालायच्या आधी ते उकळून पाणी उडवायला हवं होतं. तेलात पाण्याचा अंश राहिला तर वीज त्यातून वाट काढते, असं मिस्त्री म्हणाले. गुळाची मोठी कढई आणली, अंगणात चूल मांडली, आणि तेल तापवत बसलो. मिस्त्री लोखंडी सळई तापवून तेलात बुडवायचे आणि कान देऊन ऐकायचे. तडतडलं तर पाणी आहे, पुन्हा तापवा. मला त्या तडतडीचं इतकं भेव बसलं की जिरं फोडणीत टाकलं तरी दचकायची. शेवटी तेल मुकं झालं. निवल्यावर फडक्यातून गाळलं आणि पेटीत ओतलं. खाली उरलेलं विलायती, वर आमचं टोरीचं. मापाने बघितलं तर आमचंच जास्त.

पेटी चालू झाली आणि माझ्या जिवाला घोर लागला.

दसऱ्याच्या आसपासही आमच्याकडे ऊन काय तापतं ते काय सांगू. मिस्त्रींची ओळ रोज अर्ध्यात तुटायला लागली. कधी तर पहिल्या शब्दालाच "स्स" करून हात मागे घ्यायचे. मी पदर खोचून बाहेर यायची.

"का झालं?"

"काही नाई. तेल जाड आहे, आळशावानी फिरून राहिलं."

मी समजले. पातळ पेज उकळते तेव्हा दाणे वर-खाली नाचतात, बुडाला काही लागत नाही. घट्ट आंबील मात्र वरून गरीब दिसते आणि खाली करपते. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "बराबर. आता तू मिस्त्रीन झाली." आणि पुन्हा हसले. मला त्या हसण्याचा असा संताप यायचा!

त्यांनी उपाय काढला. नळ्यांवर गोणपाट गुंडाळले आणि ते सतत ओले ठेवायचे. पाणी कोण आणणार? मीच. विहिरीवरून घागर आणायची, कुंपणापाशी ठेवायची, मिस्त्री लोट्याने गोणपाटावर पाणी सोडायचे. पेटीत तेल, पेटीबाहेर पाणी, वर विजेच्या तारा, आणि मधे माझा नवरा! मी कुंपणाबाहेर उभी राहून देवाचं नाव घ्यायची. लोटा जरा उंच गेला की ओरडायची, "वर नका जाऊ, वर नका!"

"अवं, कायले भेतं?"

"मले भेव वाटते. तुम्हांला कसं वाटत नाही? उस्तादांची मान बघितली ना तुम्ही?"

"पाह्यली न. तरी ते चहा पितात, गोष्टी सांगतात."

"सोडा हे काम. सौंदडला चला. बाबांचा घाणा आहे."

"मी बैलामागे फिरू?" मग लोटा खाली ठेवून, डोळे बारीक करून म्हणायचे, "भित्री भागूबाई!"

दिवसातून कितीदा म्हणायचे. मी चिडायची, तोंड फिरवायची. आणि मनात रोज एकच मागणं मागायची, देवा, या माणसाला थोडी भीती दे. फार नको, जीव वाचेल एवढीच दे.

थंडी पडली तशी ओळ लांबायला लागली. आधी अर्धी, मग पाऊण, आणि मार्गशीर्षात एका सकाळी शेवटचा चढ ऐकू आला. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आले. मिस्त्रींनी पेटीवरून हात न काढता माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. गोणपाट उतरवले. विहिरीच्या खेपा संपल्या. मॅनेजरबाबू येऊन म्हणाले, "देखा? तेल तो तेल है." त्या दिवसांत मी पहिल्यांदा पेल्याकडे न बघता स्वयंपाक केला.

गिरणी हंगामात कधी थांबत नसे. पण तिळसंक्रांत आली. हमाल, मजूर, धान वाळवणाऱ्या बाया, सगळ्यांना नदीवर अंघोळीला जायचं. गिरणी बंद. दुसरा दिवस करीचा, त्या दिवशी कोणी कामाला हात लावत नाही, म्हणून तेव्हाही बंद. पेटीची वीजही मिस्त्रींनी तोडून ठेवली. फळीवरचा पेला गप्प झाला. मला तर सण दुप्पट झाल्यासारखं वाटलं. हवा अशी गार की अंगणातलं पाणी हाताला झोंबत होतं.

करीनंतरच्या सकाळी गिरणी सुरू झाली. सगळं धान साचलेलं, म्हणून मॅनेजरबाबूंनी एकदम साऱ्या मोटारी चालू करवल्या. पेटी गुणगुणायला लागली, पेला वाजायला लागला. थंडीने मिस्त्रींच्या टाचा भेगाळल्या होत्या, त्यांना लावायला म्हणून मी कोनाड्यातला टोरीच्या तेलाचा गडू काढला. चुलीपाशी बसून त्यात बोट घातलं.

बोट आत जाईना. तेल पांढरं, घट्ट झालेलं. मी नखाने खरवडलं तर गोळा निघाला.

बाहेर मिस्त्रींची ओळ चालू होती. पूर्ण झाली. मग त्यांनी तीच पुन्हा घेतली. तीही चढापर्यंत गेली. मग त्या गाण्यातली पुढची ओळ घेतली, जी मी आजवर कधी ऐकलीच नव्हती. खुशाल गात होते. एवढा वेळ हात टिकतो म्हणजे पेटी थंडगार होती. साऱ्या मोटारी चालू, आणि पेटी थंडगार!

हातात गडू, समोर घट्ट झालेलं तेल, आणि डोळ्यांपुढे आंबील. वरून गरीब, खाली करपलेली. पेटीतलं तेल फिरतच नव्हतं. कडेला तुपासारखं बसलं होतं, आणि मधे तारा एकट्याच जळत होत्या. बाहेरच्या लोखंडाला त्याचा पत्ताच नव्हता.

मी धावले. गडू हातातच. जन्मात कधी ओलांडलं नव्हतं ते कुंपण ओलांडून आत गेले.

"सरका! अजी, सरका तिथून!"

"अवं अवं, आत कुठे येऊन राहिली? पाहा, कशी थंड आहे. लाव हात, भित्री भागू..."

मी गडू त्यांच्या तोंडापुढे धरून उलटा केला. एक थेंब पडला नाही.

मिस्त्रींनी गडूकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे, जो अजून पेटीवर होता. मी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना बघितलं. तो चेहरा मला आजही दिसतो. हात काढून त्यांनी कान पेटीकडे केला. मलाही आता ऐकू आलं, गुणगुणीच्या आत एक वेगळा आवाज, कोणी घशात गुळण्या कराव्यात तसा.

"पळ!" ते ओरडले, आणि मला ढकलून खांबाकडे धावले. खांबाच्या पायथ्याशी वीज तोडायचा लोखंडी दांडा होता. गिरणी चालू असताना तो ओढायचा नसतो, वर ठिणगी उडते. गिरणीच्या दारातून मॅनेजरबाबू हात हलवत ओरडत होते, "मिस्त्री! माल अंदर है! बंद मत करो!"

मी कुंपणाच्या फाटकात पोचले तोच मागे धप्प झालं. जमीन हलली. वळून बघितलं तर पेटीचं झाकण एका बाजूने उचकटलं होतं आणि काळं, वाफाळतं तेल भसाभसा खाली येत होतं. जिथे मिस्त्री गात उभे होते नेमकं तिथे. थंडगार मातीवर ते चर्रर्र वाजलं. त्याच वेळी वर तारांमध्ये निळा लोळ उठला, आणि सगळं बंद पडलं. गिरणी, पेटी, सगळं. मिस्त्री दांड्याला लोंबकळलेले होते. मला वाटलं गेले. मी हंबरडा फोडला.

गेले नव्हते. दांडा सोडायचं भान राहिलं नव्हतं, एवढंच. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मान चाचपली, कान चाचपले, पाठ चाचपली. कुठे एक फोड नव्हता.

पेटी उघडली तेव्हा उस्तादही आले होते. कडेकडेने पांढरं घट्ट तेल हाताच्या जाडीचं बसलेलं, आणि मधे सगळा कोळसा. उस्तादांनी गळ्याभोवतीचं उपरणं घट्ट केलं. मॅनेजरबाबू त्या दिवसानंतर आमच्या अंगणात आले तेव्हा दर वेळी कुंपणापासून लांबून आले. बाबांनी घाण्यावर हे ऐकलं तेव्हा रडले म्हणे. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "मले मालूम होतं व माय, मले मालूम होतं." मी म्हटलं, सगळ्यांनाच होतं बाबा.

गिरणी बरेच दिवस डिझेलच्या इंजिनावर रडतखडत चालली. मग लढाई संपली, जहाजं यायला लागली, आणि दुसरी पेटी आली. तिच्यात खरं पातळ विलायती तेल, पाण्यासारखं. मोटारी तेवढ्याच. घाबरण्यासारखं आता काहीच नव्हतं, असं उस्ताद स्वतः सांगून गेले.

पेटी चालू झाली त्या दिवशी मी चुलीपाशी बसले आणि कान भिंतीला लावला. पेला वाजायला लागला. ओळ येईना.

मी बाहेर आले. मिस्त्री कुंपणाच्या आत उभे होते, पेटीपासून हातभर लांब. तळहात पुढे करायचे, मागे घ्यायचे. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. तापली असेल तर भीती, आणि थंड असेल तर त्याहून जास्त. ज्या हाताच्या भरवशावर एवढी वर्षं काढली, तो हात खोटं बोलू शकतो, हे त्यांना कळलं होतं. मला बघून म्हणाले, "मले भेव वाटून राहिलं व."

अगं बाई! हेच तर मी देवाकडे मागत होते. आणि ते कानांनी ऐकलं तेव्हा वाटलं, देवाला ते परत करावं. तोवर मी मनसोक्त घाबरू शकत होते, कारण समोर एक न घाबरणारा माणूस उभा होता. आता आम्ही दोघं उभे होतो आणि पेटी गुणगुणत होती. ते मला भित्री भागूबाई म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यानंतर ते कधीच म्हणाले नाहीत.

मी फाटक उघडून आत गेले. पदराला हात पुसला आणि तळहात पेटीवर ठेवला. लोखंड आतून थरथरत होतं, की मीच थरथरत होते, कोण जाणे. मला गाता येत नाही. तरी ती ओळ म्हटली, शब्द अडखळत, पण शेवटच्या चढापर्यंत म्हटली. मग हात काढला आणि पटकन पदराखाली लपवला, म्हणजे त्यांना कंप दिसू नये.

"थंड आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"कोमट आहे," मी म्हणाले. "जशी पाहिजे तशी कोमट आहे. चला, भाकर करपते आहे."